‘व्हेपर ट्रेल्स’ची नवी आवृत्ती आणि नील पिअर्टचे शब्द

कॅनडातील ‘रश’ या रॉक बँडचा ‘व्हेपर ट्रेल्स’ हा अल्बम २००२ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच मूळ ध्वनिमुद्रणाचे पुन्हा मिक्सिंग करून, म्हणजे वाद्यांचे आणि गायनाचे सुटे आवाज नव्याने एकत्र बसवून, तयार केलेली ‘व्हेपर ट्रेल्स रीमिक्स्ड’ ही आवृत्ती २०१३ साली बाजारात आली. या दोन्ही सीडी माझ्या संग्रही आहेत. त्यांपैकी दुसरी विकत घ्यावी का, हा प्रश्न बेळगावातली रॉक ऐकणारी तरुण मंडळी मला वारंवार विचारतात, म्हणून हे सविस्तर परीक्षण लिहीत आहे. ती घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण केवळ आवाजाचा दर्जा हे नाही. हा अल्बम ज्याच्या शब्दांसाठी ऐकायचा, त्या नील पिअर्टचे शब्द पहिल्या आवृत्तीत गोंगाटाखाली गाडले गेले होते. दुसऱ्या आवृत्तीत ते प्रथमच नीट कानी पडतात. एका गीतकाराने आयुष्यातल्या सर्वांत कठीण काळानंतर लिहिलेले शब्द श्रोत्याला धड ऐकूच येऊ नयेत ही मोठी हानी होती, आणि ती या आवृत्तीने बऱ्याच अंशी भरून काढली आहे.

रॉक संगीतात गाणारा माणूस बहुधा स्वतःचेच शब्द गातो. ‘रश’मध्ये मात्र गायन आणि बेस गिटार गेडी लीकडे, गिटार ॲलेक्स लाइफसनकडे आणि गीतलेखन ड्रम वाजवणाऱ्या पिअर्टकडे, अशी कामाची वाटणी होती. ज्यांचा कान भावगीतांवर घडला आहे त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. गदिमांनी लिहावे आणि ते शब्द बाबूजींच्या किंवा माणिकताईंच्या गळ्यातून आपल्यापर्यंत पोचावेत, हे आपण वर्षानुवर्षे अनुभवत आलो आहोत. पिअर्टची गोष्ट एवढ्यापुरती वेगळी की, आपले शब्द दुसरा गात असताना हा गीतकार त्याच रंगमंचावर मागे बसून त्या शब्दांना ताल देत असे. तो गीते स्वतंत्रपणे लिहून लीच्या हाती सोपवी. ली त्यांतल्या ज्या ओळी आपल्या तोंडी बसतील त्या उचले, आणि कधी कधी संपूर्ण गीतातल्या मोजक्याच ओळी शिल्लक राहत. मग पिअर्ट त्या ओळींभोवती नव्याने बांधणी करी. लिहिलेले कापले जाणे त्याने कामाचा भाग म्हणून स्वीकारले होते. त्याच्या लेखनात पुढे जो काटेकोरपणा आला, त्याचे मोठे श्रेय मी या पद्धतीला देतो.

त्याचा जन्म १२ सप्टेंबर १९५२ रोजी ऑन्टॅरिओ प्रांतातल्या हॅमिल्टन येथे झाला आणि बालपण जवळच्या सेंट कॅथरिन्समध्ये गेले. वडिलांचा शेती-अवजारांचा व्यवसाय होता. अठराव्या वर्षी तो नशीब काढायला लंडनला गेला, पण तिथे जम बसेना म्हणून परतला आणि वडिलांच्याच दुकानात सुट्या भागांचा विभाग सांभाळू लागला. आमच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत दिवसभर मशीनवर राबून संध्याकाळी तबला किंवा गिटार घेऊन बसणारी मुले मी पाहिली आहेत; त्यामुळे पिअर्टच्या चरित्रातला हा टप्पा मला नेहमीच जवळचा वाटतो. १९७४ च्या जुलैअखेरीस तो ‘रश’मध्ये दाखल झाला, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात बँडचा पहिला मोठा दौरा सुरू झाला. इतर दोघांना गीतलेखनात फारसा रस नव्हता आणि हा नवा ड्रमर सतत पुस्तकात डोके घालून बसलेला असे, म्हणून शब्दांचे काम त्याच्याकडे आले. १९७५ पासून पुढच्या बहुतेक सर्व गाण्यांचे शब्द त्याचे आहेत.

सुरुवातीची वर्षे मी भराभर ओलांडतो, कारण त्या काळातले लेखन हुशार असले तरी त्यात पुस्तकांचा वास अधिक आणि माणसाचा कमी येतो. अद्भुतकथा, विज्ञानकथा, इंग्रज कवी कोलरिजची कविता असे सगळे त्यात आहे. १९७६ च्या ‘२११२’ या अल्बमने बँड तगला. भविष्यातल्या एका राज्यात पुजाऱ्यांनी संगीत दडपलेले असते आणि एका तरुणाला जुनी गिटार सापडते, अशी त्यातली दीर्घ कथा आहे. त्या अल्बमवर पिअर्टने व्यक्तिवादाचा टोकाचा पुरस्कार करणारी लेखिका आयन रँड हिचा ऋणनिर्देश केला आणि त्यामुळे ब्रिटिश संगीतपत्रांतून त्याच्यावर कडक टीका झाली. पुढे तो त्या विचारसरणीपासून दूर गेला. १९८० मध्ये त्याचे ‘फ्रीविल’ हे गाणे प्रसिद्ध झाले. निवड करायचे नाकारणे हीदेखील एक निवडच असते, असा त्यातला रोखठोक युक्तिवाद आहे, आणि दैवावर हवाला ठेवणाऱ्यांना त्यात जराही सवलत नाही. सत्तावीस वर्षांच्या माणसाचा हा आत्मविश्वास मी मुद्दाम नमूद करतो, कारण बावीस वर्षांनी हाच माणूस काय लिहितो ते पुढे पाहायचे आहे.

१९८१ च्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’ने त्याला प्रसिद्धी दिली आणि त्याच अल्बममधल्या ‘लाइमलाइट’ या गाण्यात त्याने त्या प्रसिद्धीविषयी आपली अस्वस्थता नोंदवली. अनोळखी चाहत्यांना जिवलग मित्रासारखे भेटणे त्याला जमत नसे. कार्यक्रम संपला की तो सर्वांत आधी निघून जाई. धारवाडला राहून आयुष्यभर गर्दीपासून अंतर राखणारे जी. ए. कुलकर्णी ज्या प्रदेशाने पाहिले, त्या प्रदेशातल्या वाचकांना या स्वभावाचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागू नये.

१९८४ च्या ‘रेड सेक्टर ए’ या गाण्याचा उल्लेख मात्र येथे आवश्यक आहे. गेडी लीचे आईवडील नाझी छळछावण्यांतून वाचलेले. त्यांच्या आठवणींवरून पिअर्टने हे गीत लिहिले, पण त्यात देशाचे, काळाचे किंवा छावणीचे नाव येऊ दिले नाही. उरतो फक्त तारांच्या कुंपणामागचा एक कैदी, त्याची भूक आणि त्याचे कुटुंब. आपल्या आईच्या दुःखाचे गाणे मित्राच्या शब्दांत लीने वर्षानुवर्षे गायले. ज्या दुःखाविषयी लिहायचे त्याचे नाव घ्यायचे नाही, ही पिअर्टची रीत मला येथे प्रथम स्पष्ट दिसते. तेव्हा ते दुःख दुसऱ्याचे होते.

१० ऑगस्ट १९९७ रोजी त्याची एकुलती एक मुलगी सेलेना मोटार अपघातात गेली. ती एकोणीस वर्षांची होती आणि विद्यापीठात परतण्यासाठी टोरांटोच्या दिशेने निघाली होती. त्यानंतर वर्षही पुरे व्हायच्या आत, २० जून १९९८ रोजी, तिची आई जॅकलिन कर्करोगाने गेली. दोघांचा संसार वीस वर्षांहून अधिक काळाचा होता. मुलीच्या अंत्यविधीच्या वेळीच पिअर्टने सहकाऱ्यांना सांगितले होते की, मी निवृत्त झालो असे समजा. त्या दोघांनी त्याच्यावर परतण्यासाठी कोणताही दबाव आणला नाही. १९९८ च्या ऑगस्टमध्ये त्याने क्विबेकमधल्या तळ्याकाठच्या घराला कुलूप लावले आणि मोटारसायकल घेऊन पश्चिमेला निघाला. कॅनडा ओलांडून अलास्का, उत्तरेत पार इनुविकपर्यंत, मग अमेरिकेचा पश्चिम भाग, मेक्सिको, बेलीझ असा तो चौदा महिने फिरला आणि त्या काळात सुमारे ८८,००० किलोमीटरचे अंतर त्याने कापले. या प्रवासाचे त्याने लिहिलेले ‘घोस्ट रायडर’ हे पुस्तक २००२ साली निघाले. आपला जीव आता तान्ह्या बाळासारखा झाला आहे आणि रडणाऱ्या बाळाला जसे फिरवून आणावे तसे आपण त्याला फिरवत आहोत, ही त्या पुस्तकातली कल्पना मला फार मोलाची वाटते. पुढे लॉस एंजेलिसला त्याची कॅरी नटॉलशी ओळख झाली आणि २००० साली त्यांनी विवाह केला. त्यानंतर, २००१ च्या जानेवारीत, तिघे टोरांटोच्या स्टुडिओत पुन्हा एकत्र आले. हा अल्बम पुरा व्हायला वर्षाहून अधिक काळ लागला.

अशा परिस्थितीत तयार झालेला अल्बम ऐकायला घेतल्यावर श्रोत्याला २००२ साली काय मिळाले, तर कानाला टोचणारा, सपाट, एकसारखा मोठा आवाज. याचे कारण तांत्रिक आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय नव्या आवृत्तीची किंमत कळणार नाही. डिजिटल ध्वनिमुद्रणात आवाजाच्या पातळीला एक कमाल मर्यादा असते. त्या काळात प्रत्येक कंपनीला आपले गाणे शेजारच्या गाण्यापेक्षा मोठे वाजायला हवे होते, म्हणून मास्टरिंग करताना, म्हणजे विक्रीसाठीची अंतिम प्रत तयार करताना, सगळाच आवाज दाबून त्या मर्यादेवर नेऊन ठेवला जाई. जे ध्वनितरंग मर्यादेच्या वर जातात त्यांची शिखरे कापली जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात, आणि कानाला ते खरखरीच्या रूपाने जाणवते. हळू आणि मोठा यांतला फरक नाहीसा झाला की श्रोता काही वेळातच थकतो. ‘व्हेपर ट्रेल्स’च्या बाबतीत दोष नुसत्या मास्टरिंगचा नव्हता, तर आधीच्या टप्प्यांवरही काही ठिकाणी आवाज फाटलेला होता. शिवाय या अल्बममध्ये कीबोर्ड अजिबात नाही, गिटारचे थरावर थर आहेत, आणि गेडी लीने स्वतःच्याच आवाजाचे अनेक पदर एकमेकांवर चढवले आहेत. एवढी दाटी असताना आवाज फाटला की पहिला बळी शब्दांचाच जातो. बँडमधल्यांनीही याविषयी उघडपणे असमाधान व्यक्त केले. २००९ च्या एका संग्रहासाठी यातली दोन गाणी नव्याने मिक्स करून पाहिली गेली. ती चांगली उतरली, आणि मग संपूर्ण अल्बम डेव्हिड बॉट्रिल या निर्मात्याकडे सोपवण्यात आला. ‘टूल’ या बँडचे ‘अनिमा’ आणि ‘लॅटरॅलस’ हे अल्बम ज्यांनी लक्षपूर्वक ऐकले आहेत, त्यांना बॉट्रिलचे काम ठाऊक आहे.

आपल्याकडे रीमिक्स म्हटले की जुन्या गाण्याला नाचाचा ठेका लावलेली आवृत्ती डोळ्यांपुढे येते. येथे तसा प्रकार नाही. बॉट्रिलने स्टुडिओत वेगवेगळे मुद्रित केलेले ड्रम, गिटार, बेस आणि गायन यांचे मूळ ट्रॅक घेतले आणि त्यांची एकमेकांतली मांडणी पुन्हा केली. नव्याने काही वाजवून घेतलेले नाही.

दोन्ही आवृत्त्यांची तुलना करताना एक काळजी घ्यावी लागते. जुनी सीडी मुळातच मोठ्या आवाजात वाजते आणि जे मोठे वाजते ते प्रथमदर्शनी चांगले वाटते, म्हणून आधी दोन्हींचा आवाज कानाला समान वाटेल असा लावून घ्यावा. माझा पुतण्या इंजिनियरिंगला आहे आणि कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. त्याला मी कोणती आवृत्ती कोणती हे न सांगता टिळकवाडीतल्या आमच्या घरी ‘घोस्ट रायडर’ हे गाणे दोनदा ऐकवले. पहिल्या वेळी त्याने फक्त ड्रमविषयी विचारले. दुसऱ्या वेळी गाणे संपेपर्यंत तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, “काका, आता शब्द लागतायत की कानाला. हा कुठं चाललाय गाडी घेऊन?” अल्बमविषयी विचारला जावा असा नेमका हाच प्रश्न आहे, आणि तो जुन्या आवृत्तीनंतर विचारला गेला नाही.

त्या गाण्यातली एक जागा येथे उलगडून दाखवतो. गीतातला स्वार स्वतःलाच आज्ञा देत राहतो: ही भुते बांधून घे, न दिसणारे ओझे खांद्यावर टाक आणि उत्तरेला, पश्चिमेला जात राहा. पुढे आरशातल्या सूर्योदयाचा उल्लेख येतो आणि त्या उजेडाने ओझे थोडे हलके होते. हा आरसा मोटारसायकलचा आहे. माणूस पश्चिमेकडे निघाला आहे म्हणून सूर्य त्याच्या पाठीमागे उगवतो आणि त्याला तो फक्त मागे वळून पाहण्याच्या काचेतच दिसू शकतो. एका साध्या, भूगोलाच्या दृष्टीने अचूक निरीक्षणात पिअर्टने संपूर्ण परिस्थिती सांगितली आहे. मुलगी नाही, पत्नी नाही, मरण हा शब्दही नाही. जुन्या आवृत्तीत ही ओळ गिटारच्या भिंतीमागे राहते. नव्या आवृत्तीत लीचा आवाज गिटारच्या पुढे येतो, ‘आरसा’ हा शब्द स्वच्छ ऐकू येतो, आणि त्याच्या मागे बसून तो शब्द लिहिणाराच ताल धरून आहे याचे भान श्रोत्याला राहते.

‘अर्थशाइन’ या गाण्याचा लाभ तर सर्वांत मोठा आहे. अमावास्येनंतरच्या द्वितीया-तृतीयेला, आकाश निरभ्र असताना, राजहंसगडावर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले तर चंद्राच्या बारीक कोरीबरोबर त्याचा उरलेला काळसर गोलही अंधुक उजळलेला दिसतो. तो उजेड पृथ्वीचा असतो, म्हणून इंग्रजीत त्याला ‘अर्थशाइन’ म्हणतात. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पडतो, तिथून परावर्तित होऊन चंद्राच्या अंधाऱ्या भागावर जातो आणि तिथून पुन्हा आपल्या डोळ्यांत येतो. पिअर्टने या तिहेरी प्रवासाला धरूनच गीत बांधले आहे: चंद्र म्हणतो, माझा चेहरा उसना आहे, माझी शोभा तिसऱ्या हाताची आहे, आणि मी केवळ तुझे तेज परत दाखवतो आहे. जे हाताला लागणार नाही त्याच्याकडे हात पसरलेला माणूस या गाण्यात आहे आणि तो रडत नाही. नव्या मिक्समध्ये लीचे एकावर एक चढवलेले आवाज सुटे होतात, कोणता पदर मुख्य आणि कोणता मागचा हे कळते, आणि त्यामुळे वाक्य तुटत नाही. अर्थ लागायला वाक्य अखंड पोचावे लागते, एवढी साधी गोष्ट जुन्या आवृत्तीने अशक्य करून ठेवली होती.

‘द स्टार्स लुक डाउन’मध्ये ‘फ्रीविल’ लिहिणारा तरुण कुठे येऊन पोचला आहे ते दिसते. भुलभुलैयात अडकलेला उंदीर ऐटीत सांगतो की, पाहा, माझी दिशा मीच निवडतो आहे. तारे वरून पाहत राहतात, उत्तर देत नाहीत. माझे काही चुकले का, मी काही वावगे बोललो का, असे विचारणारा माणूस येथे आहे. १९९१ च्या ‘रोल द बोन्स’मध्ये पिअर्टने योगायोगाचे अस्तित्व मान्य केले होतेच, पण तिथे फासे टाकण्याचा खेळकरपणा होता. येथे तो उरलेला नाही. एकाच लेखकाने आपल्या तारुण्यातल्या ठाम विधानासमोर असे उघडे प्रश्न ठेवावेत, यात मला त्याचा सर्वांत मोठा प्रामाणिकपणा दिसतो.

शीर्षकगीत ‘व्हेपर ट्रेल’ यावर मी अधिक लिहिले पाहिजे, कारण तिथे बेळगावच्या वाचकाला एक घरचा धागा सापडतो. उंचावरून जाणाऱ्या विमानामागे जी पांढरी रेघ उमटते ती इंजिनातून निघालेल्या वाफेच्या हिमकणांची असते; क्षितिजापासून क्षितिजापर्यंत पसरते आणि पाहता पाहता विरते. पिअर्टने माणसाच्या आठवणींना त्या रेघेत पाहिले आहे. सूर्य काळवंडतो, तारे मावळतात, समुद्र आटतात, पाखरे थंडीने गप्प होतात, आणि वाऱ्यावर लिहिलेले सारे पुसले जाते. ते कोणासाठी, हे गीत सांगत नाही.

हे वाचताना, ऐकताना मला दर वेळी इंदिरा संत आठवतात. १९४६ साली त्यांचे पती ना. मा. संत गेले आणि इंदिराबाईंनी त्यानंतर याच गावात राहून, नोकरी करून, मुलांना वाढवून पन्नासहून अधिक वर्षे जी कविता लिहिली, तिच्यात गेलेल्या माणसाचे नाव शोधून सापडत नाही. पाऊस असतो, अंगण असते, झाड असते, तिन्हीसांजेची वेळ असते, आणि त्या सगळ्यांतून ते नसणे जाणवत राहते. इंदिराबाईंची कविता एकांतात वाचायची आणि पिअर्टचे शब्द हजारोंच्या गर्दीसमोर विजेच्या गिटारांसह गायले जायचे; दोघांची भाषा, परंपरा, वय, काहीच एक नाही. तरीही निसर्गातल्या एखाद्या अचूक निरीक्षणावर दुःखाचा सगळा भार तोलून धरायचा आणि स्वतः बाजूला उभे राहायचे, ही शिस्त दोघांची आहे. इंदिराबाईंवर पोसलेल्या वाचकाला रॉक संगीत कर्कश वाटत असेल, तरी त्याने या अल्बममधली ‘अर्थशाइन’ आणि ‘व्हेपर ट्रेल’ ही दोन गाणी शब्द समोर ठेवून एकदा अवश्य ऐकावीत, अशी माझी मनापासून विनंती आहे.

‘स्वीट मिरॅकल’ हे गाणे दीर्घकाळ माझ्या लक्षात आले नव्हते, इतके ते जुन्या आवृत्तीत दबलेले होते. मी पाण्यावर चालत नव्हतो, भरती आली तेव्हा खडकावर उभा होतो, असे त्यात पिअर्ट सांगतो. संकटातून वाचलेल्या माणसाला लोक असामान्य ठरवू पाहतात. त्याला हा नकार आहे. तो चमत्कार मानतो तो जगण्याचा आणि पुन्हा लाभलेल्या प्रेमाचा, स्वतःच्या धैर्याचा नव्हे. नव्या मिक्समध्ये या गाण्यात भोवती मोकळी जागा निर्माण झाली आहे आणि लीचा आवाज येथे अल्बममधला सर्वांत कोमल लागला आहे.

दोष आहेतच. अल्बम सदुसष्ट मिनिटांच्या आसपास चालतो आणि तेरा गाणी एका बैठकीत जास्त होतात. ‘नॉक्टर्न’ आणि ‘फ्रीझ’ ही गाणी नव्या आवृत्तीतही दाटच राहिली आहेत. मुळातली रचनाच इतकी भरगच्च आहे की मिक्सिंगने त्यावर फार उपाय होणार नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर लिहिलेले ‘पीसेबल किंग्डम’ मला विचाराने जड आणि शब्दांनी सैल वाटते. सलामीचे ‘वन लिटल व्हिक्टरी’ ड्रमच्या तडाख्याने सुरू होते. पाच वर्षे काठ्या जवळजवळ खाली ठेवलेला माणूस परत आला आहे, हे त्याला पहिल्या काही क्षणांतच सांगायचे होते. त्या तडाख्यातला रांगडेपणा जुन्या आवृत्तीत अधिक होता आणि नव्या आवृत्तीत तो थोडा सभ्य झाला आहे, हे माझ्या पुतण्याचे मत मला मान्य आहे. ज्यांना ‘रश’ ड्रमसाठीच ऐकायचे आहे, त्यांनी जुनी सीडी फेकून देऊ नये.

घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. २००२ ची आवृत्तीही अजून विक्रीला दिसते आणि ऑनलाइन मागवताना दोन्हींची नावे शेजारी शेजारी येतात, तेव्हा ‘रीमिक्स्ड’ हा शब्द आणि २०१३ हे साल पाहूनच पैसे भरावेत. मोबाइलच्या स्पीकरवर दोन्ही आवृत्त्यांतला फरक फारसा कळत नाही. साधे पण बरे हेडफोन पुरेसे आहेत. सर्व गीतांचे शब्द आधी एकदा शांतपणे वाचून काढावेत, कारण लीचे उच्चार आपल्या कानाला सवयीचे नसतात. ज्यांनी ‘रश’ कधीच ऐकलेला नाही त्यांनी ‘मूव्हिंग पिक्चर्स’पासून आरंभ करावा आणि मग येथे यावे, तरुण पिअर्टचा तो चमकदार आत्मविश्वास आधी ऐकला असेल तर या अल्बममधला संयम अधिक कळतो. तेरा गाण्यांपैकी ‘घोस्ट रायडर’, ‘द स्टार्स लुक डाउन’, ‘व्हेपर ट्रेल’, ‘अर्थशाइन’, ‘स्वीट मिरॅकल’ आणि पाळण्यातून बाहेर पडलेल्या जीवाचे ‘आउट ऑफ द क्रेडल’, एवढी या क्रमाने ऐकली तर साधारण अर्ध्या तासात या गीतकाराची खरी ओळख होईल.

पिअर्टने यानंतर ‘स्नेक्स अँड ॲरोज’ आणि ‘क्लॉकवर्क एंजल्स’ या दोन अल्बमसाठी शब्द लिहिले, १ ऑगस्ट २०१५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये अखेरचा कार्यक्रम वाजवला, आणि मेंदूच्या कर्करोगाने ७ जानेवारी २०२० रोजी त्याचे निधन झाले. आपले हे शब्द नीट ऐकू येतील अशी आवृत्ती त्याच्या हयातीत निघाली, याचे मला समाधान वाटते. ‘क्लॉकवर्क एंजल्स’मधले शेवटचे गाणे ‘द गार्डन’ ज्यांना प्रिय आहे, त्यांनी ही सीडी संग्रही ठेवावीच, कारण त्या गाण्यातली समजूत तो येथे शिकला.